डोलोमाइटचा ऑक्सिजन खाली उतरतोय: धातुकाजवळ आलोय की चकवा?

कोअरट्रे (पुणे)

नमस्कार मंडळी. दक्षिण राजस्थानातल्या डोलोमाइटमधल्या (कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेटचा खडक) शिसे-जस्ताच्या एका ब्लॉकचे कापलेले कोअर (भोकातून काढलेल्या खडकाच्या कांड्या) पुण्यात आहेत. त्यांतल्या ६४ पुडींचे कार्बन-ऑक्सिजन समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे जड-हलके अणू) मोजून घेतलेत, दोन बॅचमध्ये, दोन वेगळ्या लॅबमधून. ऑक्सिजनचे सगळे आकडे व्ही-स्मो मापावर (समुद्राच्या पाण्याशी तुलना), कार्बनचे व्ही-पीडीबी मापावर (प्रमाण कार्बोनेटशी तुलना).

बोअर 'अ' धातुक (शिसे-जस्त असलेला खडक) कापतं, १८० ते १९२ मीटर. धातुकापासून लांब डेल्टा-ओ-१८ (जड ऑक्सिजनचं प्रमाण) अधिक २०.५, जवळ येताना उतरत उतरत अधिक १४. बोअर 'ब' २५० मीटरवर, तिथे १७ ते १९. बोअर 'क' सव्वा किलोमीटरवर, तिथे २०.५ ते २२.

आता गोंधळ. एक, 'अ' मधल्या काही जोड नमुन्यांत (एकाच ठिकाणच्या दोन पुडी) दीड पर मिलपर्यंत (हजारात दीड) फरक आहे. दोन, दुसऱ्या बॅचचे आकडे सरसकट चढे वाटतात. तीन, 'क'च्या वरच्या १५ मीटरमध्ये डेल्टा-सी-१३ (जड कार्बनचं प्रमाण) उणे ४ ते उणे ६. चार, 'ब'च्या तळाच्या ६० मीटरमध्ये डेल्टा-सी-१३ चक्क अधिक ७ ते ९, बाकी सगळीकडे शून्याच्या आसपास. 'ब'खाली काही मोठं दडलंय का?

अजून १२० नमुन्यांचं बजेट आहे. ते कुठे घालवू? गंधकाचे समस्थानिक करावेत का?

---

प्रतिसहस्र

अर्थ लावण्याआधी आकडे धुऊन घ्या. तुमच्या चारपैकी पहिले दोन गोंधळ खडकातले नाहीत, लॅबमधले आहेत असं मला दिसतंय.

दुसरी बॅच चढी: त्या लॅबला एकच प्रश्न विचारा, ॲसिड फ्रॅक्शनेशन फॅक्टर कॅल्साइटचा वापरला की डोलोमाइटचा? फॉस्फरिक ॲसिडमध्ये कार्बोनेट विरघळतं तेव्हा सगळा ऑक्सिजन वायूत येत नाही, तीनातले दोन भागच येतात, आणि त्यात जड-हलक्याची वाटणी खनिजागणिक वेगळी होते. २५ अंशाला कॅल्साइटचा फॅक्टर १.०१०२५, डोलोमाइटचा त्याहून मोठा. डोलोमाइटची पूड कॅल्साइट समजून हिशोबात घेतली तर आकडा सुमारे ०.८ पर मिलने फुगतो. पुष्कळ लॅब्स समुद्री शिंपल्यांचं आणि गुहांतल्या चुनखडीचं काम करतात, त्यांच्या शीटमध्ये कॅल्साइटच बसवलेला असतो. पावतीवर 'डोलोमाइट' लिहून दिलं नसेल तर कोण कशाला बदलेल?

माप बदलाचं सूत्रही तपासा. व्ही-पीडीबीचा आकडा गुणिले १.०३०९२, अधिक ३०.९२, म्हणजे व्ही-स्मो. उणे १० चे २०.६ होतात. कोणी नुसते ३०.९२ मिळवले तर २०.९ येतात, आणि आकडा जितका उणे तितकी चूक वाढते.

जोड नमुन्यांतला दीडचा फरक तीन ठिकाणांहून येऊ शकतो.

पहिलं, प्रतिक्रिया अर्धवट. ७२ अंशाला कॅल्साइटचं काम तासाभरात उरकतं, डोलोमाइटला कित्येक तास लागतात. रात्रभर ठेवलेलं बरं. २५ अंशाला करणार असाल तर निदान तीन दिवस. अर्धवट राहिलं की पुडीचा जाड-बारीकपणासुद्धा आकड्यात उतरतो. सिडेराइट (लोहाचं कार्बोनेट) असेल तर ७२ वर भागणार नाही, १०० अंशाच्या आसपास न्यावं लागतं.

दुसरं, ॲसिडमध्ये पाणी. जुलै-ऑगस्टात पुण्याच्या हवेत बाटली उघडी ठेवून ॲसिड भरलं की संपलं. पाण्यातला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडशी अदलाबदल करतो; कार्बन जागेवर राहतो आणि ऑक्सिजन विखुरतो. तुमच्या जोड नमुन्यांत कार्बन जुळतोय आणि ऑक्सिजनच जुळत नसेल तर आधी इथे बघा. ॲसिडची घनता २५ अंशाला १.९० च्या खाली गेली असेल तर ती बाटली बाजूला ठेवा.

तिसरं, पुडीतच दोन खनिजं. डोलोमाइटमध्ये कॅल्साइटची केसाएवढी शीर असली आणि बर (पूड काढायचं फिरतं टोक) तिच्यावरून गेला की दोन्हीची सरासरी हातात येते. यात ऑक्सिजनबरोबर कार्बनही थोडा हलतो.

आणि 'अ'चे नमुने धातुकाजवळचे, म्हणजे पुडीत गॅलेना-स्फॅलेराइट (शिशाचं आणि जस्ताचं सल्फाइड) असणारच. ते ॲसिडमध्ये हायड्रोजन सल्फाइड सोडतात. लॅबला आधी सांगा, नाहीतर यंत्रातला वायू वेगळे करणारा कॉलम खराब होतो आणि पुढचे दहा लोक तुमच्या नावाने खडे फोडतात. कुपीत चांदीची तार किंवा ॲसिडमध्ये सिल्व्हर फॉस्फेट घातलं की तो वायू अडतो.

मानकं (आकडा आधीच ठाऊक असलेले नमुने): दर दहा नमुन्यांमागे दोन. एनबीएस-१९ (कार्बन अधिक १.९५, ऑक्सिजन उणे २.२०, दोन्ही व्ही-पीडीबी) आता मिळत नाही, त्याच्या जागी आयएईए-६०३ आहे. दुसऱ्या टोकाला एनबीएस-१८, ज्याचा ऑक्सिजन उणे २३ च्या आसपास आहे. एकाच मानकावर भागवणाऱ्या लॅबचे धातुकाजवळचे, म्हणजे खालचे आकडे मी कधी डोळे झाकून घेत नाही. घरचं मानक हवं असेल तर मकराण्याचा संगमरवर दळून ठेवा. वाघोलीच्या खाणीतला कॅल्साइट दिसायला सुरेख, पण एकाच स्फटिकात वेगवेगळ्या वेळी वाढलेले पट्टे असू शकतात, त्यामुळे मानक म्हणून नको. बर चालवण्याच्या सरावाला मात्र उत्तम.

---

थरावरथर

तिसऱ्या आणि चौथ्या गोंधळाबद्दल.

'ब'च्या तळाला अधिक ७ ते ९ कार्बन पाहून भोक खोल करायला निघू नका. तो समुद्राचा आकडा आहे, धातुकाचा नाही. सुमारे २२२ ते २०६ कोटी वर्षांपूर्वीच्या कार्बोनेट खडकांत जगभर असा जड कार्बन सापडतो. झिंबाब्वेतल्या लोमागुंडी भागावरून त्या घटनेला नाव पडलंय. अरवली महासंघातल्या काही डोलोमाइटमध्येही तो नोंदलेला आहे, तर उदयपूरजवळच्या झामरकोटड्याकडच्या स्ट्रोमॅटोलाइटवाल्या (सूक्ष्मजीवांच्या थरांचे जीवाश्म) फॉस्फोराइटच्या थरांत कार्बन शून्याजवळ राहतो. म्हणजे एकाच परिसरात दोन डोलोमाइट, दोन वेगळी पार्श्वमूल्यं (धातुकाचा परिणाम नसतानाचे आकडे). तुमचा 'ब' वरून खाली जाताना एका थरातून दुसऱ्यात शिरला असणार. लॉगमध्ये (भोकातल्या खडकांची खोलीवार नोंद) त्या खोलीला रंग, चिकणमातीचे पट्टे, क्वार्ट्झाइट असं काही बदलतंय का ते बघा. फॉल्टही (खडक सरकलेली भेग) असू शकतो.

याचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. 'ब'चा तळ आणि 'क' एकाच आलेखात घालून प्रभावळ (धातुकाभोवती बदललेल्या खडकाचं वलय) काढलीत तर ती थरांची सीमा काढाल. प्रत्येक थराची पार्श्वभूमी वेगळी ठरवा आणि प्रत्येक नमुन्याचा त्याच्या थराच्या पार्श्वमूल्यापासूनचा फरक नकाशावर मांडा. मूळ आकडा मांडू नका.

'क'च्या वरच्या १५ मीटरमधला उणे ५ कार्बन हा मुरलेल्या पाण्याचा आणि कंकराचा. मातीत मुळं-जिवाणूंमुळे तयार होणारा कार्बन डायऑक्साइड खूप हलका असतो, तो फटींतून कॅल्साइट होऊन बसतो. कोअरवर दहा टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाका. थंड ॲसिडला फसफसून उठलं तर कंकर-कॅल्साइट. डोलोमाइट ओरखडून पूड केल्याशिवाय धड बुडबुडेही काढत नाही. ऑक्सिडेशनची (हवा-पाण्याने खडक गंजल्याची) रेषा जिथे संपते त्याच्या वरचे नमुने प्रभावळीच्या हिशोबातून काढून टाका, हळहळू नका.

---

उष्णोदक

आता मुख्य प्रश्न. २२, १८, १४ असा उतार दिसला की सगळ्यांना आनंद होतो. उतार खरा असेलही. पण तो गरम पाण्याच्या वाटेचा उतार आहे, जस्ताचा नाही, एवढं डोक्यात ठेवून पुढे वाचा.

ऑक्सिजनच का हलतो? पाण्याच्या वजनात ८९ टक्के ऑक्सिजन. डोलोमाइटमध्ये ५२ टक्के. म्हणजे पाणी थोडं जरी फिरलं तरी खडकाचा ऑक्सिजन बदलायला लागतो. कार्बन खडकात १३ टक्के आणि पाण्यात विरघळलेला अगदी किरकोळ. त्यामुळे कार्बन हलवायला कितीतरी पट पाणी वाहावं लागतं. म्हणून ऑक्सिजनची प्रभावळ रुंद, कार्बनची अरुंद. नेवाडातल्या कार्लिन पट्ट्यातली सोन्याची ठिकाणं, उत्तर मेक्सिकोतले चुनखडीतले शिसे-जस्त-चांदीचे साठे, पेरूतलं अंतामिना, सगळीकडे याच तत्त्वावर काम झालंय. डोळ्याला खडक ताजा दिसतो तिथेही ऑक्सिजन हललेला सापडतो, हा याचा खरा फायदा.

आता आकडेमोड. कॅल्साइट आणि पाणी यांच्यातला फरक, पर मिलमध्ये: २७,८०,००० भागिले केल्विन तापमानाचा वर्ग, वजा २.८९. (डोलोमाइटचं समीकरण वेगळं, त्याच पाण्यातून तो कॅल्साइटपेक्षा थोडा जड बसतो, मुद्दा कळायला कॅल्साइट पुरे.)

२५० अंशाला हा फरक ७.३ येतो. पाणी अधिक ५ चं असेल तर कॅल्साइट अधिक १२.३.
१५० अंशाला १२.६. तेच पाणी, कॅल्साइट अधिक १७.६.
१०० अंशाला १७.१. पण पाणी पावसाचं, उणे ५ चं असेल तर कॅल्साइट अधिक १२.१.

पहिली आणि तिसरी ओळ पुन्हा वाचा. धातुक आणणारं अडीचशे अंशांचं पाणी आणि फॉल्टमधून खाली मुरलेलं शंभर अंशांचं पावसाचं पाणी, दोघं जवळपास एकच आकडा देतात. चकवा म्हणतात तो इथे आहे.

तो सोडवायचा तर तापमान दुसरीकडून आणावं लागतं. त्याच कॅल्साइटमधल्या किंवा स्फॅलेराइटमधल्या द्रव-समावेशांचं (स्फटिकात अडकलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब) एकजीव होण्याचं, म्हणजे आतला बुडबुडा नाहीसा होण्याचं, तापमान मोजा. ते शंभर-सव्वाशे आलं आणि क्षार कमी निघाले तर पावसाचं पाणी. दोनशेच्या वर आणि खारट आलं तर तुमचा उतार कामाचा. दहा-बारा चांगले वेफर (घासून पातळ केलेले काप) पुरतात. तापवताना कॅल्साइटमधले समावेश ताणले जातात आणि तापमान खोटं चढतं, म्हणून शक्यतो स्फॅलेराइट धरा, आणि गोठवायचं काम कॅल्साइटमध्ये तापवल्यानंतर ठेवा. आधी गोठवलं तर बर्फ फुगून समावेश ताणतो.

रूपांतरण (उष्णता-दाबाने खडक बदलणं) हा आणखी एक चकवा. डोलोमाइटमध्ये क्वार्ट्झ असेल आणि टाल्क किंवा ट्रेमोलाइट (दोन्ही सिलिकेट खनिजं) बनलं असेल तर कार्बन डायऑक्साइड निघून जाताना जड समस्थानिक घेऊन जातो आणि मागचं कार्बोनेट हलकं होतं. पण नुसत्या त्या वाटेने ऑक्सिजन दोन-चार पर मिलपलीकडे सहसा उतरत नाही, कारण पुष्कळ ऑक्सिजन सिलिकेटमध्येच अडकून राहतो. 'अ' मधली सहाची घट त्यात बसत नाही. तरी थिन सेक्शनमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा पातळ काप) ट्रेमोलाइट शोधाच.

---

भोक_कमी_पाडा

थोडं पाणी ओततो, वाईट वाटून घेऊ नका.

धातुक आधीच कापलेलं असेल तर समस्थानिक कशाला? मातीतलं जस्त, शिसं, मॅंगनीज, आणि हाती धरायचं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं) यावर निम्मं काम होतं. समस्थानिकांची खरी किंमत कुठे? जिथे धातूची प्रभावळ आखूड आहे आणि साठा दिसत नाही, किंवा जिथे चार भोकांत चार वेगळ्या दिशांना थोडं थोडं जस्त लागलंय आणि पाचवं कुठे पाडायचं ते कळत नाही. तुमच्याकडे 'अ' आणि 'ब'च्या मध्ये २५० मीटरची पोकळी आहे आणि बाकीच्या तीन दिशा कोऱ्या. तिथे वापरा, 'अ'वर पुन्हा पुन्हा नको.

दुसरं, ०.१ पर मिलची अचूकता विकत घेऊ नका. तुमची विसंगती चार ते सहाची आहे, ०.३ ने भागतं. लेझर शोषणावर चालणारी यंत्रं याच कामासाठी वापरली गेलीत, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने कार्बोनेटवर तसं काम केलंय. स्वस्त आणि झटपट, पण सल्फाइडयुक्त पुडीत तिथेही हायड्रोजन सल्फाइडचा बंदोबस्त लागतोच.

आणि हे सगळं कार्बोनेट खडकात. ज्वालामुखी खडकांतल्या तांबे-जस्ताच्या साठ्यांत सिलिकेटचा ऑक्सिजन लागतो, म्हणजे तो सोडवायला ब्रोमीन पेंटाफ्लोराइड आणि लेझर. कॅनडातल्या नोरांडात, जपानच्या कुरोको पट्ट्यात त्याने सुंदर नकाशे निघालेत, पण तुमच्या बजेटात ते बसत नाही.

---

कोअरट्रे (पुणे)

सगळ्यांचे आभार. दुसऱ्या लॅबचं उत्तर आलं: कॅल्साइटचाच फॅक्टर होता. त्यांनी दुरुस्त शीट पाठवलं, ०.८ ने सगळे खाली आले आणि दोन बॅच आता जुळतात. 'ब'मध्ये कार्बन चढतो त्याच खोलीला लॉगमध्ये सिलिकायुक्त चिखलखडकाचा पट्टा आहे, म्हणजे थरच बदललाय.

दोन गोष्टी राहिल्या. बरने पूड नेमकी कुठून घ्यायची, शिरेतून की भिंतीतून (शिरेशेजारच्या खडकातून)? आणि गंधक?

---

प्रतिसहस्र

दोन्हीतून, पण कधीही एका कुपीत नाही. शीर सांगते पाणी कसलं होतं, भिंत सांगते ते किती लांब मुरलं.

कोअरचा तुकडा उभा कापा. एक तोंड रंगवायचं, समोरचं जोड तोंड कोरं ठेवायचं. रंगवलेल्या तोंडावर बर कधीच लावू नका, ॲसिडने ते खाल्लेलं असतं. रंगाची कृती: १.५ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या १०० मिलीत ०.२ ग्रॅम ॲलिझरिन रेड एस. दुसऱ्या भांड्यात तेवढ्याच ॲसिडमध्ये २ ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. वापरायच्या वेळी तीनास दोन मिसळा. ३० ते ४५ सेकंद बुडवून पाण्यात हळूच हलवा, बोट लावू नका. कॅल्साइट गुलाबी, लोहयुक्त कॅल्साइट जांभळट, लोहयुक्त डोलोमाइट निळसर हिरवा, साधा डोलोमाइट कोरा. मिश्रण दुसऱ्या दिवशी टाकून द्या.

मग कोऱ्या तोंडावर शिरेच्या कडेपासून २, ५, १०, २०, ५० मिलिमीटरवर खुणा करा. दाताच्या डॉक्टरांचा टंगस्टन कार्बाइड बर, अर्धा ते एक मिलिमीटर, वेग कमी. जोरात चालवला की पूड तापते आणि ऑक्सिजन बिघडतो. चटका लागल्याचा वास किंवा पूड राखाडी दिसली तर ते भोक सोडून द्या. पहिली फुंकर टाकायची, नंतरची एक-दोन मिग्रॅ घ्यायची. यंत्राला लागते ०.२ ते ०.४ मिग्रॅच, पण ती शुद्ध कार्बोनेटची. खडकात ३० टक्केच कार्बोनेट असेल तर तिप्पट वजन घाला. दोन भोकांमध्ये बर सौम्य ॲसिडमध्ये आणि मग अल्कोहोलमध्ये बुडवून पुसा.

शिरेत मोत्यासारखे चकाकणारे, वाकड्या पृष्ठांचे पांढरे स्फटिक दिसले तर तो खोगिरी डोलोमाइट, गरम पाण्यातला. त्याची वेगळी कुपी. एका मुठीएवढ्या तुकड्यात भिंत २०, कडेचा डोलोमाइट १६, खोगिरी १४ आणि शेवटचा फट भरणारा कॅल्साइट पुन्हा वेगळाच, असं सहज निघतं. तो शेवटचा कॅल्साइट बहुतेक वेळा धातुकानंतरचा असतो. त्याला प्रभावळीत घेतलं की नकाशा बिघडलाच.

---

उष्णोदक

गंधकाचं: करा, पण थोडे आणि जोडीने. एकमेकांना चिकटून, एकाच वेळी वाढलेले स्फॅलेराइट-गॅलेना निवडा. त्यांच्यातला फरक, पर मिलमध्ये: ७,३०,००० भागिले केल्विन तापमानाचा वर्ग. २५० अंशाला २.७, १५० ला ४.१, १०० ला ५.२. स्फॅलेराइट जड असलाच पाहिजे. गॅलेना जड निघाला तर ती जोडी समतोलात नाही. तिच्यातून तापमान काढणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आठ जोड्यांतल्या पाच एका पट्टीत आल्या तर ऑक्सिजनच्या हिशोबाला तापमान मिळालं.

वजनाचं लक्षात ठेवा. कुपीत ०.१ मिग्रॅ गंधक हवं तर स्फॅलेराइट ०.३, गॅलेना ०.७५ मिग्रॅ, सोबत नीट जळावं म्हणून दुप्पट-तिप्पट व्हॅनेडियम पेंटॉक्साइड. गॅलेनाने जळणनळी लवकर घाण होते, लॅबवाले कुरकुरतील. भिंगाखाली चिमट्याने निवडताना स्फॅलेराइटमधले पायराइटचे ठिपके टाळा: पायराइटमध्ये गंधक ५३ टक्के, स्फॅलेराइटमध्ये ३३, त्यामुळे थोडासा पायराइटही आकडा ओढतो.

एकट्या डेल्टा-एस-३४ च्या (जड गंधकाचं प्रमाण) आकड्याने शिसे-जस्ताची दिशा क्वचितच कळते. न्यू साउथ वेल्समधल्या कॅडियाच्या सोने-तांब्याच्या पोर्फिरीत (अग्निजन्य खडकात विखुरलेला साठा) सल्फाइड मध्यभागी उणे १० पर्यंत आणि बाहेर शून्याकडे जातात, तिथे तो पट्टा दिशादर्शक ठरला. ते वेगळ्या जातीचं धातुक. तुमच्याकडे तसा पट्टा गृहीत धरू नका.

---

भोक_कमी_पाडा

बजेट असं लावतो, पटलं तर बघा. ३० पुडी पार्श्वभूमीच्या, दोन्ही थरांच्या पंधरा-पंधरा, धातुकापासून किलोमीटरभर लांबच्या. ५५ पुडी पृष्ठभागावरच्या ताज्या खडकाच्या आणि जुन्या कोअरच्या, 'अ'भोवती चारी दिशांना. जवळ १०० ते १५० मीटरवर एक, पुढे ५०० वर एक. हातोड्याने वरची दोन-तीन सेंटिमीटर सालपटं काढून मगच तुकडा पिशवीत. १५ पुडी शिरेपासूनच्या आडव्या रेघांच्या, तीन तुकडे प्रत्येकी पाच. १२ जोड नमुने, लॅबला न सांगता, वेगळ्या क्रमांकांनी. झाले ११२. उरलेले ८ हातात ठेवा: नकाशात एकच नमुना एकटा खाली दिसला तर त्याच दगडातून दुसरी पूड काढून पाठवायला. गंधकाच्या १६ कुपींचा खर्च वेगळा धरा, आणि द्रव-समावेश आधी करा. ते शंभर अंशांचे निघाले तर या १२० पैकी निम्मे वाचतील.